डॅटसनला बेवारस ठरवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातला डॅटसनवरचा लेख वाचला आणि राहवलं नाही. लेखकाने मथळ्यातच गाडीला बेवारस ठरवलं आहे. शेवटी सल्लाही दिला आहे की पार्ट मिळत नाहीत, तेव्हा मिळेल त्या भावात गाडी फुंकून टाका. नागपुरात एमएच-३१, ४० आणि ४९ अशा तिन्ही पासिंगच्या गो, गो प्लस आणि रेडी-गो आजही रस्त्यावर आहेत. त्यातल्या बहुतेकांच्या मालकांनी ती गाडी पहिली चारचाकी म्हणून, हप्ते भरून घेतलेली आहे. अशा माणसाला छापील सल्ला देताना आधी चार गोष्टी तपासायला हव्या होत्या.

पहिली चूक इतिहासाची. डॅटसन हा २०१४ मध्ये भारतासाठी काढलेला ब्रँड होता, असं लेखात म्हटलं आहे. तोक्योत १९१४ साली 'डॅट' नावाची मोटार तयार झाली. डेन, आओयामा आणि ताकेउची या तीन पाठीराख्यांच्या आडनावांची ती आद्याक्षरं. १९३१ मध्ये डॅट कंपनीने छोटी गाडी काढली, तीच पुढे डॅटसन झाली, इंजिन ४९५ सीसीचं. जपानमध्ये तेव्हा ५०० सीसीपर्यंतच्या गाडीला लायसन लागत नसे, म्हणून हा आकडा. म्हणजे साध्या माणसाला परवडेल अशी छोटी गाडी हा डॅटसनचा मूळचा धंदा. पुढे ती निस्सानकडे आली, ५१० आणि २४० झेड या गाड्यांनी अमेरिकेत नाव काढलं आणि १९८१ मध्ये निस्सानने स्वतःचंच नाव पुढे करायचं ठरवल्यावर १९८६ पर्यंत डॅटसन ही पाटी उतरली. मार्च २०१२ मध्ये निस्सानचे तेव्हाचे प्रमुख कार्लोस घोन यांनी ती पुन्हा आणण्याची घोषणा केली. जुलै २०१३ मध्ये गो दिल्लीत दाखवली आणि मार्च २०१४ मध्ये ३ लाख १२ हजारांपासून विकायला काढली. हे सगळं तुमच्या कार्यालयात बसून अर्ध्या तासात तपासता आलं असतं.

एप्रिल २०२२ मध्ये चेन्नईजवळच्या कारखान्यात रेडी-गोचं उत्पादन थांबलं, हे लेखात बरोबर आहे. पण सर्व्हिस, सुटे भाग आणि वॉरंटी चालू राहील, हे निस्सानने तेव्हाच जाहीर केलं होतं. ते वाक्य लेखात नाही.

खरा संताप आला तो लेखातल्या थ्रॉटल बॉडीच्या, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागाच्या किश्शाने. एक गो सिग्नलला बंद पडायची, गॅरेजमध्ये थ्रॉटल बॉडी साफ केली, मग गाडी आपोआप रेस व्हायला लागली, नवी बॉडी सांगितली, ती वेळेत आली नाही, शेवटी गाडी भंगारात गेली. पार्ट मिळत नाहीत याचा पुरावा म्हणून लेखकाने हे दिलं आहे. गाडी जाणणारा कुणीही सांगेल की हा अर्धवट सोडलेल्या कामाचा पुरावा आहे.

गोचं थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक आहे. पेडलपासून इंजिनापर्यंत केबल नाही, हवा अडवणारी बॉडीतली पाकळी मोटर फिरवते. गाडी चालत जाते तशी पाकळीच्या कडेला काजळी बसते आणि हवेची वाट अरुंद होते. ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, त्यावर उपाय म्हणून पाकळी थोडी जास्त उघडी ठेवतो आणि तो कोन लक्षात ठेवतो. काजळी फार झाली की हा उपायही पुरत नाही. एसी लावला की आयडल, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन फिरण्याचा वेग, पडतं, गाडी थरथरते, सिग्नलला बंद होते. इथवर निदान बरोबर आणि बॉडी साफ करणं हेही बरोबर. पण साफ केल्यावर वाट एकदम मोकळी होते आणि ईसीयूच्या डोक्यात मात्र काजळीच्या काळातला हिशोब असतो. तो पाकळी पूर्वीइतकीच उघडतो, हवा जास्त जाते आणि आयडल बाराशे-पंधराशे आरपीएमवर जाऊन बसतं. मेकॅनिक म्हणतो, बॉडी गेली. नवी बसवली तरी तक्रार राहू शकते, कारण नव्या बॉडीलाही तेच शिकवावं लागतं.

हे शिकवणं निस्सानच्या पद्धतीत तीन टप्प्यांचं आहे आणि क्रम बदलून चालत नाही. आधी अ‍ॅक्सिलरेटर सोडलेली स्थिती, मग थ्रॉटल बंद असलेली स्थिती आणि शेवटी आयडलच्या हवेचं प्रमाण, म्हणजे आयडल एअर व्हॉल्यूम लर्निंग. निस्सानचा प्रोग्रॅम असलेल्या स्कॅनरवर हे काही मिनिटांत होतं. अटी मात्र सगळ्या पाळाव्या लागतात. इंजिन पूर्ण तापलेलं हवं, कूलंट ७० अंशांच्या वर. गाडी न्यूट्रलला आणि उभी. एसी, हेडलाइट, ब्लोअर सगळं बंद. स्टिअरिंग सरळ. बॅटरीचा व्होल्टेज आयडलला १२.९ च्या वर. यातली एक अट चुकली तरी स्कॅनर काम अर्ध्यात सोडतो. सकाळी थंड इंजिनावर करून बघितलं आणि झालं नाही, म्हणून बॉडी खराब ठरवणारे गॅरेजवाले या शहरात आहेत. बॅटरी बदलल्यावर आयडल बिघडलं तरी हाच उपाय. आपल्या उन्हाळ्यात बॅटऱ्या लवकर जातात, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

साफ करतानाही काळजी लागते. क्लीनर थेट बॉडीत फवारू नये, कापडावर घेऊन पाकळीच्या दोन्ही बाजू आणि कडा पुसाव्यात, मोटरच्या बाजूला द्रव झिरपू देऊ नये. चावी ऑन असताना पाकळी बोटाने ढकलू नये, आतले गिअर दुखावतात. एवढं करून आयडल खाली आलं नाही, तर इनटेकच्या जोडावरून किंवा पीसीव्हीच्या (इंजिनातली वाफ परत हवेच्या वाटेत नेणाऱ्या) पाइपमधून जास्तीची हवा शिरते का ते बघावं. नवी बॉडी हा शेवटचा उपाय आहे.

आता पार्टविषयी. काउंटरवर 'डॅटसनचं आहे का' असं विचारलं की नकारार्थी मान हलते. 'मायक्रा १.२ पेट्रोल' म्हणा. गो आणि गो प्लसमधलं ११९८ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन निस्सानच्या मायक्रातलंच आहे, एचआर१२डीई. पॉवर कमी ठेवून, ६८ पीएसवर दिलेलं. ऑइल फिल्टर, चेन, टेन्शनर, वॉटर पंप असली कामं मायक्राच्या सामानावर होतात, फक्त पार्ट नंबर जुळवून घ्या. रेडी-गो रेनोच्या क्विडच्या प्लॅटफॉर्मवर आहे आणि दोन्ही इंजिनं, ७९९ आणि ९९९ सीसी, क्विडचीच. त्यातलं ९९९ सीसीचं घराणं क्विडमध्ये आणि ट्रायबरमध्ये आजही चालू आहे. त्या इंजिनाला बेवारस म्हणणं चूकच.

अडचण आहे ती बॉडीच्या सामानाची, आणि ती खरी आहे. हेडलाइट, टेललाइट, बंपर, काचा, दाराचे रबर, हँडल हे फक्त डॅटसनचं असल्याने वाट बघावी लागते किंवा अपघातात निकामी झालेल्या गाडीतून शोधावं लागतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये गोचा चेहरा बदलला, म्हणून बंपर आणि ग्रिल मागताना गाडीचं साल सांगितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. लेखकाने हे लिहिलं असतं तर वाचकांचा फायदा झाला असता.

गोच्या इंजिनात टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. म्हणून ठरावीक किलोमीटरला बेल्ट बदलायचा खर्च वाचतो. पण चेनचा ताण ऑइलच्या दाबावर टिकतो. ऑइल वेळेत बदललं नाही की सकाळी स्टार्ट करताना समोरून खळखळ ऐकू येते आणि तिकडे दुर्लक्ष केलं तर काम मोठं होतं. इंजिनात सुमारे तीन लिटर ऑइल बसतं, एवढ्यात कंजुषी करू नये. कूलंटच्या टाकीत नळाचं पाणी तर अजिबात घालू नये. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा आहे, पाण्याने आतून खातो. मे महिन्यात ४५ अंशांत एसी लावून वर्धा रोडच्या गर्दीत उभ्या गाडीचं तापमान चढलं, तर आधी रेडिएटर फॅनचा रिले आणि फ्यूज बघावा, मग एसीच्या कंडेन्सरमध्ये अडकलेली धूळ. मार्चमध्येच कंडेन्सर पाण्याच्या हलक्या धारेने धुऊन घ्यावा. प्रेशर वॉशर जवळून मारला तर पत्र्या दुमडतात.

लेखात सस्पेन्शन कमजोर असल्याचंही म्हटलं आहे. इथे मला महापालिकेबद्दल बोलावंच लागेल. सिमेंट रस्त्यांचे जोड, रस्ता आणि मॅनहोलच्या झाकणातला उंच-सखल फरक, मुख्य रस्ता वर आणि गल्लीचं तोंड वीतभर खाली, यावर कुठल्याही हलक्या गाडीचे स्ट्रट माउंट आणि लोअर आर्मचे बुश (चाकाच्या जोडातले रबर) लवकर जातात. खडखड आली की गॅरेजवाले शॉकअप बदलून मोकळे होतात आणि आवाज तसाच राहतो. आधी बुश आणि माउंट बघा, शॉकअप गळत असेल तरच बदला आणि बदलाल तेव्हा दोन्ही बाजूंचे बदला, मग अलाइनमेंट करा. याच रस्त्यांमुळे पावसाचं पाणी लोकांच्या घरांत शिरतं, त्यावर आपल्या दैनिकाने लिहिलं पाहिजे. सप्टेंबर २०२३ च्या पुरात बुडालेल्या गाड्या आजही पुसूनपासून विकल्या जात असतील. जुनी गाडी घेताना सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याच्या शेवटच्या टोकाला चिखलाची रेघ आहे का, एवढं तरी बघा.

एका बाबतीत लेखकाने गाडीला झुकतं माप दिलं आहे आणि ते मला अजिबात मान्य नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांच्या धडक-चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या चाचणीत गोला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. सांगाडाच इतका कोसळला की नुसत्या एअरबॅग बसवून उपयोग नाही, असं त्या संस्थेने सांगितलं. लेखात यावर अर्धी ओळ आहे. ज्यांच्याकडे सुरुवातीची, एअरबॅग नसलेली गो आहे त्यांनी ती शहरापुरती ठेवावी, समृद्धीवर नेऊ नये. गो प्लसची तिसरी रांग चार मीटरच्या आतल्या गाडीत बसवलेली आहे, तिथल्या डोक्यामागे थेट मागचं दार येतं. लग्नसराईत तिथे माणसं कोंबू नयेत. ऑक्टोबर २०१८ पासूनच्या गोमध्ये दोन एअरबॅग आणि एबीएस सगळ्या व्हेरियंटना आहेत, म्हणून जुनी घ्यायची तर त्यानंतरचीच घ्यावी.

मालकांचं मत विचाराल तर गाडी हलकी आहे म्हणून शहरात चटकन उचलते, कमी जागेत वळते आणि पेट्रोलला परवडते. दारं पातळ आहेत, आवाज अडवणारं अस्तर कंपनीने फार कमी दिलं, पहिल्या गोमध्ये म्युझिक सिस्टीमऐवजी मोबाइल अडकवायचा स्टँड दिला आणि समोरच्या काचेला एकच वायपर. हे सगळं खरं आहे आणि घेणाऱ्यांनी ते बघूनच घेतलं होतं. ब्रँड बुडाला तो, माझ्या मते, निस्सानने स्वस्तपणा डोळ्यांत भरेल अशी गाडी काढली म्हणून आणि २०१५ मध्ये भागीदार रेनोनेच त्याच भावाजवळ दिसायला दणकट अशी क्विड आणली म्हणून.

तेव्हा विनंती एवढीच, की दुरुस्ती त्याच पानावर, लेख होता त्याच जागी छापावी. जागा अपुरी पडली तर माझ्या पत्रातला इतिहास खुशाल कापा, पण थ्रॉटलबद्दलचे परिच्छेद पूर्ण छापा. कुणाची तरी गो याच कारणावरून या आठवड्यात गॅरेजमध्ये उभी असेल.

आपला नियमित वाचक,
मानेवाडा, नागपूर