साताऱ्याच्या बाईंना जाहीर पत्र

आदरणीय बाई,
सप्रेम जयभीम.

नाव छापू नका म्हणालात, म्हणून छापत नाही. आभारही मानू नका म्हणालात, ते मात्र आमच्या महिला मंडळानं एकमतानं फेटाळलं आहे. पौर्णिमेच्या बैठकीत तसा ठराव झाला, आणि हिशेबाची वही माझ्याकडे असते म्हणून पत्र लिहायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. जाहीर अशासाठी लिहितेय की तुमची मदत करायची रीत चार लोकांच्या कानावर जावी. कृष्णेला पूर काही शेवटचा आलेला नाही.

बाहेरगावच्या वाचकांना थोडं सांगायला हवं. आमचं गाव पलूस तालुक्यात, नदीकाठी. बौद्धवस्ती गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याला लागून. पाणी चढायला लागलं की पहिला मान आमचा आणि ओसरताना शेवटचा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथं ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका, त्यावरून काय ते समजा. त्याच आठवड्यात ब्रह्मनाळला पुरातून माणसं काढणारी बोट उलटली, माणसं बुडाली. त्याबद्दल इथं जास्त लिहीत नाही.

पाणी उतरलं आणि मदतीच्या गाड्यांची रांग लागली. खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत महाराष्ट्रानं आम्हाला उपाशी ठेवलं नाही. बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, चादरी, औषधं, सगळं आलं. जुन्या कपड्यांचा तर विहारासमोर ढीग लागला. त्यात एक नवरदेवाचा कोट निघाला आणि उंच टाचांच्या सँडल निघाल्या. गुडघाभर गाळात पोरींनी त्या घालून बघितल्या, तेवढीच करमणूक. दप्तरं एकेका पोराला तीन-तीन मिळाली, प्रत्येकावर कुणाचा ना कुणाचा हसरा फोटो. मग गणपती गेले, विधानसभेची निवडणूक लागली, आणि गाड्या यायच्या बंद झाल्या.

तुम्ही आलात ते दिवाळी झाल्यावर. पॅसेंजरनं भिलवडी स्टेशनला उतरून, खांद्याला कापडी पिशवी अडकवून. आम्ही सवयीनं विचारलं, काय वाटायचंय? तुम्ही म्हणालात, "वाटायचं काही नाही. सध्या हाताला काम काय आहे, ते सांगा."

बाई, तोपर्यंत हा प्रश्न आम्हाला कुणी विचारलाच नव्हता. पडलेल्या भिंतीचा पंचनामा होतो, उसाचा होतो, द्राक्षबागेचा होतो. पण आमच्या वस्तीतल्या निम्म्याहून जास्त घरांना गुंठाभर रान नाही. बायका भांगलणीला जातात, बागेत छाटणीच्या मागची कामं करतात. ऊस कुजला, पुढं अवकाळीनं बागाही झोडपल्या. बागायतदाराचं नुकसान कागदावर आलं, ते यायलाच हवं. पण त्याच्या रानात जाणारीची बुडालेली हजेरी मांडायला पंचनाम्यात रकाना नसतो. त्यामुळं आमच्याकडं खरी उपासमार पुराच्या आठवड्यात नव्हती, ती नोव्हेंबर-डिसेंबरात होती. आणि त्याचा पहिला फटका पोरांना. आई-बाप पुण्याला बांधकामावर नाहीतर वीटभट्टीवर गेले. पोरं एक तर बरोबर गेली, नाहीतर आजीजवळ राहिली. शाळेच्या हजेरीपटावर लाल शेरे वाढत गेले.

तुम्ही साताऱ्याच्या बायकांनी वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यातल्या ग्रंथवाचनाच्या दिवसांत, साठवलेला फंड आणला होता. रोज ग्रंथवाचनाला येताना प्रत्येकीनं डब्यात जमेल तेवढं टाकायचं, चिल्लर असली तरी चालेल. साताऱ्याला ही गोष्ट नवी नाही म्हणा. कर्मवीर भाऊरावांच्या वसतिगृहातली पोरं मुष्टिफंडाच्या, म्हणजे घरोघरी मूठ-मूठ जमवलेल्या धान्यावर जेवली, आणि ते धान्य ज्या घरांतून आलं त्या घरांतही काही कणग्या भरून वाहत नव्हत्या. भाऊराव मूळचे आमच्याच जिल्ह्यातले, वाळव्याकडच्या ऐतवड्याचे, एवढा अभिमान आम्हीही मिरवून घेतो.

ते पैसे वाटले असते तर आठवड्यात संपले असते. तुम्ही त्यातून विहाराची दुरुस्ती काढली आणि कामावर वस्तीतल्याच बायका लावल्या. गाळ काढणं, कोबा, भिंतीचा गिलावा, वर लोखंडी अँगल टाकून पोटमाळा. मजुरी रानातल्या दरानं, दर शनिवारी रोख, सही-अंगठा घेऊन. अट एकच. जिच्या घरचं पोर शाळेत जातंय, तिला पहिलं काम. कुणी दोन दिवस पोर शाळेत धाडलं नाही तर तुम्ही काही बोलायचा नाहीत, नुसतं घरी जाऊन चहा पिऊन यायचात. त्या चहाची धास्ती भाषणापेक्षा जास्त होती.

सगळं गोडीगुलाबीनं झालं असंही नाही, हे लिहायलाच हवं. विहाराच्या नावानं आलेलं दान विहारालाच लागावं, नवी मूर्ती आणावी, कमान करावी, असं आमच्यातल्या काहींचं म्हणणं होतं. एक बुजुर्ग तर बैठकीतून उठून गेले. तुम्ही वाद घातला नाहीत. वहीतलं पान काढून दाखवलंत. साताऱ्याच्या बायकांनी पैसे देताना वर काय लिहून दिलं होतं? "पूरग्रस्त मुलांसाठी." मूर्तीसाठी वेगळा फंड काढा, माझे शंभर रुपये लिहून घ्या, म्हणालात. तो फंडही निघाला, आणि कमान पुढं दोन वर्षांनी झाली. मला विचाराल तर थोडी भडकच झालीय.

आता त्या पांढऱ्या गाडीचं सांगते, कारण ते कुठल्याही पूरग्रस्त गावात होऊ शकतं. कुठल्याशा लांबच्या आश्रमाची माणसं आली. आई-बाप नसलेली पोरं द्या, आम्ही शिकवतो, जेवू-खाऊ घालतो. बोलायला अगदी मिठ्ठास. आई-बाप वारलेली, आजीजवळ राहणारी दोघं भावंडं त्यांच्या यादीत पहिली. आजीला दिसत कमी, खोकला सुटत नाही. ती म्हणाली, "माझ्यामागं कोण हाय त्यास्नी? न्या बापडं." पोरांच्या पिशव्या भरून झाल्या होत्या. तुम्ही विहाराच्या पायरीवर बसून त्या माणसांना शांतपणे विचारलंत, संस्थेचं नोंदणीपत्र? बाल कल्याण समितीचा आदेश? मुलं ठेवायची परवानगी? त्यांच्याकडे छापील पावतीपुस्तक तेवढं होतं. बाल न्याय कायदा २०१५ चा आहे, समितीच्या आदेशाशिवाय मूल असं उचलून नेता येत नाही, आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर फुकट लागतो, एवढं तुम्ही त्यांच्यासमोरच आम्हाला समजावलंत. चहा न घेताच गाडी गेली. माणसं वाईट होती की भाबडी, ते मला आजही सांगता येणार नाही. पण कागद नव्हता, हे खरं.

मग तुम्ही बालसंगोपन योजनेचा अर्ज हातात घेतलात. पोर संस्थेत न धाडता नात्यातल्या घरी वाढावं, त्या घराला सरकारनं हातभार लावावा, अशी योजना आहे हे आमच्या वस्तीत कुणाला ठाऊक नव्हतं. आई-बापांचे मृत्यूचे दाखले, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, पासबुक, मग घरी येऊन चौकशी, मग समितीपुढं हजेरी. सहा ठिकाणची कागदं गोळा करायला सहा खेपा, आणि दर खेपेची बुडती मजुरी. हे गरिबाला का जमत नाही, ते तेव्हा नीट दिसलं. आज त्या योजनेत मुलामागं महिन्याला २,२५० रुपये मिळतात. दोघं भावंडं आजीजवळच आहेत. थोरली आता आजीला औषधाच्या वेळेवरून दटावते.

आणि शाळेचं ते जनरल रजिस्टर! ते मी कशी विसरेन?

दहावीच्या त्या मुलाच्या घरचे सगळे कागद गाळात गेले होते. जातीचा दाखला काढायचा तर १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा हवा. पणजोबांच्या शाळेच्या उताऱ्याला लॅमिनेशन केलं होतं म्हणून घरचे निश्चिंत होते, पण एका कोपऱ्यातून पाणी शिरलं आणि आत निळा डाग उरला. तुम्ही हेडमास्तरांना भेटलात. तुमचीही हयात शाळेत गेलेली, त्यामुळं काय मागायचं ते नेमकं माहीत. वरच्या फळीवरची जुनी रजिस्टरं पुरातून वाचली होती. तुम्ही, तो मुलगा आणि मी दुपारभर जमिनीवर मांडी घालून बसलो. पानं चिकटलेली, ती पट्टीनं सोडवायची. काळी शाई तपकिरी झालेली. शेवटी मुलाचं बोट एका ओळीवर थांबलं. पणजोबांचं नाव, पुढं जात, जन्मगाव, आणि शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याचं कारण: "गैरहजर." इयत्ता दुसरी. मुलगा बराच वेळ त्या एका शब्दाकडं बघत होता. मग म्हणाला, "गैरहजर का, ते लिवलं न्हाई व्हय?"

तेव्हा तुम्ही त्याला साताऱ्याच्या शाळेतलं रजिस्टर सांगितलंत. ७ नोव्हेंबर १९००, क्रमांक १९१४, भिवा रामजी आंबेडकर, म्हणजे आपले बाबासाहेब. शाळेनं ते अजून जपून ठेवलंय. मुलानं तो आकडा वहीच्या मागं लिहून घेतला. दाखला निघाला, शिष्यवृत्तीचा फॉर्म भरला गेला. तो आज सांगलीत आयटीआय करून कामाला आहे, आणि आजही कुणाचा कागद अडला की वस्ती त्यालाच हाक मारते.

त्यानंतरच तुम्ही पेटी आणलीत. पत्र्याची, निळी, दोन कड्यांची. एकेका मुलाचं जाड प्लास्टिकचं पाकीट, त्यात जन्मदाखला, आधार, जातीचा दाखला, लसीचं कार्ड, शाळेची कागदं. वर नंबर. पेटी पोटमाळ्यावर, किल्ली दोघींकडं. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा वस्तीत आलं, तेव्हा रात्रीच्या अंधारात सगळ्यात आधी ती पेटी बाहेर पडली. डोक्यावर कुणी घेतली असेल? बैठकीतून उठून गेलेले तेच बुजुर्ग. "मूर्ती राहू दे, तिला पाणी काय करणार, आधी पोरांची कागदं," असं म्हणत गेले. तुम्हाला हे फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही खूप हसला होतात.

एक धाकटा होता, पत्र्यावर पाऊस वाजला की किंचाळायचा. तुम्ही त्याच्या हाती खडू दिलात आणि विहाराच्या भिंतीवर रोजची आयर्विनची पातळी लिहायला लावलीत. कोयनेतून किती क्युसेक सोडलं, आयर्विनला किती फूट, सगळं आता त्याच्या तोंडावर. भीती गेली का? सगळी नाही. पण आता तो किंचाळत नाही, आकडा विचारतो.

लॉकडाऊनचं लिहीत नाही, तेव्हा सगळ्यांचंच सारखं होतं. एवढंच की जुने मोबाईल तुम्ही धाडलेत ते चार्जरसकट, आणि हे फार कमी लोकांना सुचतं.

पोरांचे फोटो काढू द्यायचा नाहीत, त्याचा मला सुरुवातीला राग यायचा. फोटो नसला तर देणगीदारांना दाखवायचं काय? तुम्ही म्हणालात, "हिशेब दाखवा. मोठी झाल्यावर ह्यांना आपलाच रडका चेहरा कुणाच्या तरी पत्रकावर सापडायला नको." तेव्हापासून दर पौर्णिमेला वंदना झाली की वही मोठ्यानं वाचायची प्रथा पडली. कुणी विचारो न विचारो.

कऱ्हाडच्या सहलीचं मात्र लिहिते. आगाशिवच्या लेण्यांत पोरं दमून बसली होती. तुम्ही सांगितलंत, लांब मध्य प्रदेशात भारहुतचा स्तूप होता, दोन हजार वर्षांहून जुना. त्याच्या दगडावर दान देणाऱ्यांत करहाकट नगराचं नाव कोरलंय, ते हेच कऱ्हाड. धाकटा, खडूवाला, पटकन म्हणाला, "म्हंजे आपल्याकडनं बी जायाचं व्हय?" तोपर्यंत त्या पोरांनी मदत फक्त येताना बघितली होती. उतरताना सगळी तेच बोलत होती, त्या काळी एवढ्या लांब पैसे कसे नेले असतील, वाटेत चोर नव्हते का.

आणि म्हणून ही शेवटची बातमी. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला महापूर आला, सोलापूरकडं वस्त्याच्या वस्त्या पाण्यात गेल्या. आमच्या बायकांनी डबा उघडला. तरण्या पोरी लगेच टेम्पो करून निघायच्या तयारीत होत्या. आजीजवळची ती थोरली म्हणाली, आत्ता सगळेच जातील, आपण दिवाळी झाल्यावर जाऊ. तसं गेलो. तिथल्या बायकांना आधी विचारलं, हाताला काम काय आहे. वस्तीचं नाव इथं लिहीत नाही, तुमच्याच नियमानं. त्यांनाही एक पेटी हवी होती, ती इकडूनच करून घेतली, निळ्या रंगाची.

खर्चाच्या पावत्यांच्या झेरॉक्स सोबत जोडल्या आहेत. भाड्याच्या पावतीवर टेम्पोवाल्याची सही राहिली होती, ती घेऊन मग पाठवली, त्यामुळं उशीर झाला. गुडघ्याचं ऑपरेशन कधी ठरलंय ते कळवा. दोघी-तिघी साताऱ्याला येऊन राहू, नको म्हणू नका. हळद नवी आली की धाडते, ती फंडात धरू नका, ती माझ्या घरची आहे.

आपली,
हिशेबाची वही सांभाळणारी
महिला मंडळ, बुद्धविहार, ता. पलूस, जि. सांगली