कुंडीत राख टाकण्याआधी पाणी तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतलं कुंडीबागेचं सदर मी नेमाने वाचते. गेल्या भागात घरच्या घरी कुंडीची माती कशी तयार करायची ते सांगितलं होतं. दोन भाग लाल माती, एक भाग शेणखत, एक भाग कोकोपीट, मूठभर निंबोळी पेंड. इथवर तक्रार नाही. पण पुढे पानं पिवळी पडली की सामू (पीएच, म्हणजे माती आम्ल की अल्कली हे सांगणारा आकडा; ७ म्हणजे उदासीन) बिघडला असं धरून लाकडाची राख आणि अंड्याची टरफलं घाला, वरून आंबट ताक ओता, असा सल्ला आहे. राख आणि टरफलं सामू चढवतात, ताक आम्ल. एकाच कुंडीत दोन्ही घातल्यावर माती कुठल्या बाजूला जावी अशी लेखकांची अपेक्षा आहे, हे मला तरी कळलं नाही. शिवाय पुण्यातल्या अनेक गच्च्यांवर सामू आधीच चढलेला असतो. तिथे राख म्हणजे दुखण्यालाच खुराक.

मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते, त्यामुळे मोजल्याशिवाय बोलायची सवय नाही. निवृत्तीनंतर उंड्रीत राहायला आले. गाव २०१७ साली महापालिकेत गेलं, पण आमच्या सोसायटीत अजून बोअर आणि टँकरचंच पाणी येतं. माझी धाकटी जाऊ सदाशिव पेठेत राहते, तिच्याकडे खडकवासल्याचं पाणी. आम्ही दोघींनी उरुळी कांचनच्या एकाच रोपवाटिकेतून मोगरा आणला. माती मी एकाच घमेल्यात कालवली आणि दोन्ही कुंड्या तीच माती घालून भरल्या. होळीच्या सुमारास माझ्या मोगऱ्याची शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी पडायला लागली. पान पिवळं, शिरा मात्र हिरव्यागार, कुणी बारीक ब्रशने रेखाटाव्यात तशा. खालची जुनी पानं धडधाकट होती. पेठेतला मोगरा जसाच्या तसा हिरवा.

नव्या पानांवर दिसणारं हे लक्षण लोहाच्या कमतरतेचं. नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडलं तर आधी जुनी पानं पिवळी होतात, म्हणून खत घालण्याआधी पिवळं पान शेंड्याला आहे की बुडाला एवढं तरी पाहावं. आपल्या दख्खनच्या दगडात लोहाला तोटा नाही, मातीतही ते भरपूर असतं. पण सामू साडेसातच्या वर गेला की ते विरघळत नाही आणि मुळांना घेता येत नाही. सामूचं मोजमाप दहाच्या पटीत चालतं. ७ वरून ८ वर जाणं म्हणजे मातीतली आम्लता दसपटीने घटणं. मोगरा, गुलाब, लिंबू, जास्वंद यांना साधारण ६ ते ७ च्या दरम्यान बरं वाटतं. अनंताला ५ ते ६ लागतो, म्हणूनच तो पुण्यात इतक्या जणांकडे रडतो.

आता त्या पाण्याबद्दल. माशांच्या टाक्या विकणाऱ्या दुकानात ‘केएच’ नावाचं किट मिळतं. ५ मिलिलिटर पाणी नळीत घ्यायचं, त्यात एकेक थेंब टाकत हलवायचं. आधी निळं होतं आणि मग एका थेंबाला झटकन पिवळं. जितके थेंब तितके अंश, आणि एक अंश म्हणजे लिटरमागे सुमारे १८ मिलिग्रॅम चुन्याइतकी (कॅल्शियम कार्बोनेटइतकी) क्षारता. हा चुनाच सामू चढवतो. जावेच्या नळाचं पाणी चौथ्या थेंबाला पिवळं झालं. आमच्या टँकरच्या पाण्याला सतरा थेंब लागले. म्हणजे लिटरमागे ३०० मिलिग्रॅमच्या आसपास. कुंडीला रोज एक लिटर पाणी घातलं आणि पावसाळ्याचे चार महिने सोडले, तरी वर्षाला ७० ग्रॅमच्या वर चुना त्या दहा-बारा किलो मातीत जातो. थोडा खालच्या भोकातून वाहून जातो, हे मान्य. उरलेला कुंडीच्या काठावर पांढऱ्या पापुद्र्यासारखा दिसतोच, नखाने खरवडला की निघतो. शेतात मातीचे ढीग असतात, पाण्याचा परिणाम सावकाश होतो. कुंडीत माती इनमीन घमेलाभर. म्हणून तिथे मिश्रणात काय घातलं यापेक्षा वर्षभर काय ओतलं हे जास्त ठरवतं.

जरबेरा लावणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. तळेगाव-मावळकडच्या पॉलिहाउसवाल्यांनी लाल माती आणून वाफे केलेत आणि ठिबकच्या पाण्यात आम्ल सोडून सामू उतरवल्याशिवाय ते झडप उघडत नाहीत. शहरातले आपण मात्र आरओच्या मशिनचं फेकायचं पाणी ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून बादलीत धरून झाडांना घालतो. मशीनने पिण्याच्या पाण्यातून काढलेले सगळे क्षार त्याच बादलीत असतात. आमच्या सोसायटीत तर ते पाणी बागेत वळवायचा ठराव झाला आहे. त्याने जिने पुसावेत, संडास धुवावेत. कुंडीत नको.

दुसरा घोळ राडारोड्याचा. नवीन इमारतीच्या आवारातली माती फुकट मिळते म्हणून लोक पोती भरून आणतात. तिच्यात प्लास्टरचे, सिमेंटचे तुकडे असतात आणि ते महिनोन्‌महिने चुना सोडत राहतात. नव्या सिमेंटच्या कुंड्यांचंही तेच. त्या आठ-पंधरा दिवस पाण्याने भरून ठेवाव्या, पाणी बदलत राहावं आणि मगच माती भरावी. काळ्या मातीत चुनखडीचे पांढरे खडे असतात, तेही याच पंगतीतले.

घरचं कंपोस्ट चांगलंच, पण मुरल्यावर त्याचा सामू बहुधा सातच्या वरच भरतो, हे लक्षात ठेवून त्याचं माप धरावं. महापालिका गांडूळखत प्रकल्पाला मिळकतकरात सवलत देते म्हणून आमच्याकडे खताची रेलचेल आहे, आणि काही उत्साही मंडळी कुंडी निम्मी खतानेच भरतात.

मातीत मोकळा चुना आहे का हे पाहायला सोपी युक्ती आहे. चमचाभर कोरडी माती बशीत घ्या आणि वर व्हिनेगर टाका. फसफसून बुडबुडे आले तर चुना आहे. अशा मातीत सामू उतरवायला गंधक टाकून काही साधत नाही, कारण तयार होणारं आम्ल आधी तो चुना खातो. ती माती सरळ बदलावी. बुडबुडे आले नाहीत तर सामू मोजावा. एक भाग मातीला अडीच भाग बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी, ढवळून अर्धा तास ठेवायचं, वरची निवळ गाळून त्यात सामू दाखवणारी कागदी पट्टी बुडवायची. मातीत खुपसायचे दोन काट्यांचे स्वस्त मीटर मी वापरून पाहिलेत. ते मातीचा ओलावा सांगतात, सामू नव्हे.

ताक, लिंबूरस, व्हिनेगर यांनी सामू उतरतो, पण थोडे दिवसच. ती सेंद्रिय आम्लं मातीतले जीवाणू खाऊन टाकतात आणि गाडी पूर्वपदावर येते. वापरलेल्या चहापावडरीने तर सामूत फारसा फरक पडत नाही. तिने ना काही बिघडतं, ना सुधारतं, गाळणी रिकामी होते एवढंच. टिकाऊ काम गंधकाची पूड करते. तिचं आम्ल जीवाणूच बनवतात, म्हणून माती ओली आणि उबदार हवी, आणि काही आठवडे थांबायची तयारी हवी. उतावळेपणाने दुसरा हप्ता घातला तर मुळं जळतात. तोवर झाडाला हिरवं करायचं असेल तर चिलेटेड लोह (विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या रेणूत बांधलेलं लोह) द्यावं, पण पाकिटावर ‘ईडीडीएचए’ लिहिलेलं पाहून. स्वस्तातलं ‘ईडीटीए’वालं चढ्या सामूच्या मातीत टिकत नाही, ते पानांवर फवारायला ठीक. मी अमोनियम सल्फेटही अगदी थोडं वापरते, नत्रही मिळतं आणि सामूही खाली ओढला जातो. ज्यांना रासायनिक खत चालत नाही त्यांनी पावसाचं पाणी पिंपात साठवावं. माझा मोगरा जुलैच्या पावसात आपोआप निम्मा सावरला होता.

आता दोन विनंत्या. कंपोस्टचा सामू ६.५ ते ७.५ असावा असं खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी म्हटलं आहे. पण ‘तयार कुंडीची माती’ म्हणून रोपवाटिकांमध्ये आणि रस्त्याकडेला ज्या गोण्या विकल्या जातात, त्यांवर मला हा आकडा कधी दिसलेला नाही. गुलाबाचं चित्र मात्र असतं. विक्रेत्यांनी सामू आणि क्षारता छापावी असा आग्रह आपल्या पत्राने धरावा. एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरतं, तिथे माती आणि पाणी दोन्ही तपासून देणारं एक टेबल कुणी मांडलं तर त्यापुढे रांग लागेल.

दुसरी विनंती सदराच्या लेखकांना. पुढच्या भागात राखेचा सल्ला मागे घ्यावा. तेवढं जमत नसेल तर निदान ‘बोअर-टँकरचं पाणी वापरणाऱ्यांनी राख घालू नये’ एवढी एक ओळ तरी छापावी. उंड्री, पिसोळी, वाघोली इकडे आपला पेपर घेणारी घरं काही कमी नाहीत.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, उंड्री, पुणे