औषधाची सवय शरीराला होत नाही

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात एचआयव्हीच्या गोळ्यांवर लेख आला होता, त्यात काही वर्षांनी शरीराला औषधाची सवय होते आणि ते लागू पडेनासं होतं असं छापलंय. मी एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या केंद्रात, काउन्सेलर होते, हाच गैरसमज पेशंटच्या डोक्यातून काढता काढता आमचा घसा बसायचा. अहो, बदलतो तो व्हायरस. स्वतःच्या कॉप्या काढताना तो चुका करतो आणि त्या दुरुस्त करायची सोय त्याच्याकडे नाही, रोज अब्जावधी कॉप्या निघतात, मग त्यात एखादी अशी निघतेच जिच्यावर एखादं औषध चालत नाही. 1987 ला एझेडटी हे पहिलं औषध आलं तेव्हा ते एकटंच द्यायचे, दोनेक वर्षांत रेझिस्टन्स, म्हणजे व्हायरस औषधाला दाद न देणं, दिसायला लागला, म्हणून तर 1996 च्या सुमारास तीन औषधं एकत्र द्यायला लागले.

आधीच्या टीएलई गोळीत टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि इफाविरेन्झ अशी तीन औषधं असायची, त्यातलं इफाविरेन्झ रक्तात बरेच दिवस रेंगाळतं आणि बाकीची दोन त्याच्या आधी संपतात. म्हणजे पेशंटने गोळी थांबवली की काही दिवस तो नकळत एकाच औषधावर, आणि तेवढ्यात के103एन हे एक म्युटेशन, म्हणजे व्हायरसच्या जनुकातला बदल, झालं की इफाविरेन्झ पण गेलं आणि त्याच गटातलं नेव्हिरापिन पण. लॅमिव्हुडिनचं वेगळंच, एम184व्ही हे म्युटेशन झालं की ते जवळपास निकामी होतं तरी डॉक्टर बरेचदा चालूच ठेवतात. पेशंट भांडायचे, चालत नाही तर देता कशाला? पण ते म्युटेशन व्हायरसलाच महागात पडतं, त्याची वाढ मंदावते आणि टेनोफोविर त्याच्यावर उलट जास्त चालतं.

आता इफाविरेन्झच्या जागी डोल्युटेग्राविर असलेली टीएलडी गोळी आहे, तिला चकवणं व्हायरसला अवघड जातं, पण तिलाही रेझिस्टन्स सापडतोय असं डब्ल्यूएचओने 2024 मध्ये सांगितलंय.

लेखात सगळं खापर पेशंटवर फोडलंय की हे लोक गोळ्या चुकवतात. चुकवतात, नाही म्हणत नाही. पण 2022 मध्ये दिल्लीत नॅकोच्या, म्हणजे सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेच्या, ऑफिसात पॉझिटिव्ह लोक महिन्याहून जास्त दिवस आंदोलनाला बसले होते ते गोळ्यांच्या तुटवड्यावरूनच ना? महिन्याऐवजी आठवड्याच्याच गोळ्या हातात ठेवल्या तर रोजंदारीवरचा माणूस किती वेळा कामाचा खाडा करणार, आणि त्यात खंड पडला तर तो पण त्याचाच दोष का?

तेवढी सवयीच्या वाक्याची दुरुस्ती छापा, आणि जिल्ह्यातल्या सेंटरांवर सध्या एका वेळी किती दिवसांच्या गोळ्या देतात ते तुमच्या वार्ताहराला विचारून यायला सांगा.

— एक वाचक, पुणे