खो-खोचा विश्वचषक आणि टीव्हीचा कॅमेरा

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांच्या दिवशी तुझी ड्युटी होती, तुला काहीच बघता आलं नाही, हे कळल्यापासून चुटपुट लागली आहे. फोनवर हे सगळं मावणार नाही, म्हणून लिहितोय.

निकाल तुला ठाऊक आहेच. १९ जानेवारी २०२५, दिल्लीचं इंदिरा गांधी स्टेडियम, खो-खोचा पहिलावहिला विश्वचषक आणि दोन्ही चषक आपले! समोर दोन्ही वेळा नेपाळ. मुलींनी सामना ७८-४० असा जिंकला, मुलांनी ५४-३६ असा. कर्णधार प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोघंही महाराष्ट्राचे. १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर ज्या खेळाला पहिल्यांदा नियमांत बांधलं, त्याचा विश्वचषक आपल्या हयातीत झाला रे! पोरांना चषक उचलताना बघून मला बोलवेना.

आकडे बघून सामना एकतर्फी वाटेल, पण मुलांच्या बाबतीत तसं समजू नकोस. सलामीला याच नेपाळनं त्यांना घाम फोडला होता, जेमतेम ४२-३७ असे सुटलो होतो. त्यामुळे अंतिम सामन्यात पहिल्या पाळीचं आक्रमण सुरू झालं तेव्हा मी पुढे सरकूनच बसलो होतो. आणि वेळापूरच्या रामजी कश्यपनं काय सूर मारला! जमिनीलगत घसरत जाणारा नव्हे. दोन्ही पाय सुटलेले, सगळं अंग हवेत आडवं आणि हात पुढे ताणलेला. गडी निसटला असंच वाटत असताना बोटं टेकली. मी रिप्ले पुन:पुन्हा बघितला.

पण रिप्ले बघतानाच एक गोष्ट सलायला लागली. कॅमेरा सारखा पाठलाग करणाऱ्याच्या मागे. कबड्डीला ते चालतं. तीस सेकंदांची चढाई, एकटा चढाईपटू, त्याच्याभोवती बचाव. सगळं एका चौकटीत मावतं. २०१४ ला प्रो कबड्डी आली आणि घराघरांत बघितली गेली, त्यात या गोष्टीचा मोठा वाटा आहे असं मला वाटतं. खो-खोत मात्र खरी गंमत पाटीवर, म्हणजे मधल्या ओळीत खो मिळायची वाट बघत बसलेल्यांत असते. साखळी धावणारा, म्हणजे बसलेल्यांमधून नागमोडी पळणारा गडी मागच्याचा खांदा बघत असतो, त्याच वेळी पुढच्या चौकोनात कोण कुठे तोंड करून बसलंय हेही त्याला ठाऊक असतं. तो हूल देतो, पाठलाग करणारा क्षणभर पुढे झुकतो, आणि तेवढ्यात खो भलतीकडेच पडतो! टीव्हीवर ते उठणारं पोर चौकटीबाहेर. गडी बाद झालेला दिसतो, तो कसा कोंडला ते दिसत नाही. नवख्या प्रेक्षकाला वाटणार, ही नुसती धावपळ आहे. वरून, दोन्ही खांब दिसतील असा कॅमेरा जास्त वेळ ठेवायलाच हवा. हे कुणीतरी मनावर घ्यावं, असं फार वाटतं.

वजीराबद्दल, म्हणजे पाठलाग करताना कुठल्याही दिशेला वळायची मुभा असलेल्या गड्याबद्दल, आपले मतभेद आहेत, माहीत आहे. पाठलाग करणाऱ्यानं एकदा दिशा धरली की खांबापर्यंत वळायचं नाही, हा खेळाचा कणा आहे असं तू म्हणतोस. मलाही तसंच वाटायचं. पण वजीराला कुठेही वळता येतं म्हटल्यावर संरक्षकाला, म्हणजे पळणाऱ्या गड्याला, हूल देताना दुप्पट विचार करावा लागतो, आणि चांगले संरक्षक त्यातही टिकतात. मॅटवर पाय पकड घेतो, त्यामुळे वळणं जास्त तीक्ष्ण झाली आहेत. मातीचा वास गेला, याचं वाईट वाटतं. पण पोरांचे गुडघे-कोपरं कमी सोलवटतील.

रेकॉर्डिंग मिळालं की आधी मुलांच्या अंतिम सामन्याची पहिली पाळी बघ. दुसऱ्या पाळीनंतर २६-१८ असं होतं, आणि तिथून तिसऱ्या पाळीत आपण थेट ५४ वर गेलो, तीही सलग बघ. तू बराच काळ संरक्षक खेळलास, तेव्हा नेपाळची पोरं नेमकी कुठे कोंडली गेली ते मला सविस्तर लिहून कळव. आणि लेकीला शेजारी बसव. ती धावते छान.

काकूंना नमस्कार, वहिनींना आठवण सांग.

तुझाच,
जुना गडी