मावशी, आईची वेणी तुम्ही वाचवलीत

ती. मावशींना सा. न. वि. वि.

आईला सकाळीच डिस्चार्ज मिळाला आणि तुमची त्या दिवशी रात्रपाळी होती, त्यामुळे निघताना भेट झाली नाही. तुमचा फोन नंबरही माझ्याकडे नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. मिरजेच्या त्या वॉर्डात तुम्हाला सगळे नुसतं ‘मावशी’च म्हणतात, पण तुमच्या ओळखीचं कुणीतरी हे वाचेल आणि तुम्हाला वाचून दाखवेल अशी आशा आहे. शिवाय ज्यांच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलंय आणि त्या माणसाचे केस लांब आहेत, त्यांनाही तुम्ही आम्हाला शिकवलेलं उपयोगी पडेल.

आधी आईची खुशाली. टाके सुकले, साखर ताब्यात आहे, वॉकर धरून ती बाथरूमपर्यंत एकटी जाते. आणि तिची वेणी जशीच्या तशी आहे, कमरेच्या खाली.

तुम्ही तिला पहिल्यांदा पाहिलंत तेव्हा खुब्याचं हाड मोडून ती उताणी पडून होती. साखर आणि बीपी आटोक्यात येईपर्यंत ऑपरेशन पुढे ढकललेलं, पायाला वजन लावलेलं, कूस बदलायची सोय नाही. हलत होतं ते फक्त डोकं. कोण आलं ते बघायला डावीकडे, सलाइन कुठवर आलं ते बघायला उजवीकडे. दुखणं इतकं की केसांना कुणी हात लावायचा म्हटलं तरी ती कळवळायची. डोकं उशीला टेकतं तिथे अंबाडा सुटला होता, आणि चादर बदलायला तुम्ही तिची मान अलगद उचलून धरलीत तेव्हा सगळ्यांना दिसलं, की मागे केसांचा मुठीत मावेल एवढा गोळा झालाय. इतका घट्ट, की त्यात बोट शिरत नव्हतं.

त्यानंतर जे बोलणं झालं ते माझ्या अजून कानात आहे. शेजारच्या खाटेपाशी बसलेल्या एक बाई म्हणाल्या, “जट हाय ही. यल्लम्माचं बोलावणं आलंय. फणी लावू नका.” आणखी कुणीतरी सुचवलं, या वयात कशाला हवेत एवढे केस, कापून मोकळं करा. आई दोन्ही ऐकत होती. केस कापायच्या विचाराने तिला वाईट वाटलं, पण जट हा शब्द ऐकून ती भेदरली. ती याच भागातली. तिच्या लहानपणी गावातल्या एका मुलीच्या केसांत असाच गुंता झाला, घरच्यांनी विंचरायचं थांबवलं आणि पुढे तिला सौंदत्तीला, यल्लम्माच्या देवळात नेऊन देवीला सोडलं, म्हणजे देवदासी केलं. आई त्या मुलीबरोबर खेळलेली.

तुम्ही तिच्या कपाळावर हात ठेवून म्हणालात, “आजी, देवी न्हाय आली. घाम हाय, उशी हाय आन् पडून ऱ्हाणं हाय. जेवणं झाली की मी येते, वाईच धीर धरा.” आवाज चढवला नाहीत, त्या शेजारच्या बाईंनाही दुखावलं नाहीत. मला तेव्हा जी भाषणं सुचत होती त्यांतल्या एकानेही आईची भीती गेली नसती. तुमच्या त्या वाक्यांनी ती गेली.

हे इथे मुद्दाम लिहितेय. महाराष्ट्रात देवदासी प्रथेविरुद्ध २००५ साली कायदा झाला, २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा आला. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अजून गावोगाव जाऊन जटा उतरवतात. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी या कामातून शेकडो बायकांना मोकळं केलंय. तरीही झोपेत, आजारपणात किंवा बाळंतपणात केस विंचरायचे राहिले, गुंता झाला, की बाईच्या मनात पहिली शंका देवीची येते. डोक्यावर वर्षानुवर्षं ते ओझं वागवून मानेचं दुखणं घेतलेल्या, केसांखाली जखमा झालेल्या बायका आहेत. ज्या क्षणी गुंता नवा असतो आणि सोडवता येतो, त्या क्षणी शेजारी तुमच्यासारखं कुणी असणं ही फार मोठी गोष्ट आहे.

आणि मग ती दुपार. थंडीचे दिवस होते, बाटलीतलं खोबरेल थिजलेलं. (खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गेलं की थिजतं, हे मी नंतर वाचलं.) तुम्ही ते तळहातांवर चोळून पातळ केलंत आणि गोळ्यात बाहेरून मुरवत राहिलात. मी पाण्याची वाटी पुढे केली तर तुम्ही ती बाजूला सारलीत. गुंत्याला पाणी लागलं की तो आवळतो, आणि ओला केस ताणला जाऊन लवकर तुटतो. तेल मुरेपर्यंत तुम्ही दुसऱ्या पेशंटचं काम करून आलात. परत आल्यावर कंगवा हातात घेतलाच नाहीत. गोळ्याच्या टोकाकडून, बोटांनी, चार-चार केस सुटे करत वर सरकत गेलात. डाव्या हाताच्या चिमटीत गुंत्याच्या वरचे केस घट्ट धरलेले, म्हणजे ओढ मुळांपर्यंत पोचायला नको. जिथे गाठ अगदीच बसली होती तिथे कंगव्याची बारीक दांडी घालून ती उकललीत. रुंद दातांचा कंगवा आला तो सगळ्यात शेवटी. आई मध्येच डोळे मिटून झोपलीसुद्धा! एवढ्या दिवसांत गोळीशिवाय लागलेली ती तिची पहिली झोप होती. शेवटी तुमच्या पदरात गळालेल्या केसांचं छोटं पुंजकं जमलं. ते बघून मी घाबरले, तर तुम्ही म्हणालात, हे आधीच गळलेले, आत अडकून बसले होते. खरंच आहे ते. निरोगी माणसाचेही रोज पन्नास ते शंभर केस गळतात, ते विंचरून निघाले नाहीत तर उरलेल्यांत गुरफटून राहतात.

केस महिन्याला जेमतेम एक-सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे आईच्या वेणीचं टोक पाच-सहा वर्षांपूर्वी तिच्या टाळूतून उगवलेलं. बाबा तेव्हा होते. रोज संध्याकाळी ती वेणी घालायला बसली की तिच्या हातात आगवळ, म्हणजे केस बांधायची दोरी, द्यायचं काम त्यांचं. तुम्हाला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं, पण कात्रीने काय गेलं असतं ते तुम्हाला कळावं म्हणून सांगतेय.

गुंता सुटल्यावर तुम्ही खरं शिक्षण दिलंत ते निजण्याचं. आम्हा सगळ्या बायकांना वाटतं, रात्री अंबाडा घातला की केस आवरले. उताणं निजणाऱ्याच्या डोक्याखाली अंबाडा आला की घर्षण तिथेच, घाम तिथेच, आणि मानही अवघडते. तुम्ही मधोमध भांग पाडून दोन वेण्या घातल्यात, कानांच्या मागून, सैल, आणि त्या पुढे छातीवर आणून सोडल्यात. डोक्याच्या मागे, ते उशीला टेकतं त्या जागी, पेड नाही, गाठ नाही, रबर नाही, पीन नाही. पडून असलेल्या माणसाच्या डोक्यामागची कातडीसुद्धा दाबाने सोलवटते आणि एखादी विसरलेली पीन तिथे जखम करू शकते, हे तुम्ही सांगेपर्यंत माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. बेडसोअर म्हटलं की मला फक्त कंबर आणि टाचा आठवायच्या.

वेण्यांची टोकं तुम्ही बँडेजच्या पट्टीने बांधलीत. रबर निघताना केस घेऊन निघतं, पट्टी सुटून येते. ऑपरेशनच्या सकाळी थिएटरमधली सिस्टर टोपी चढवायला आली आणि दोन वेण्या, पट्टीच्या गाठी बघून म्हणाली, “हे कुणी केलं? छान तयारी आहे.” आईने तुमचं नाव सांगितलं, म्हणजे मावशी एवढंच.

ऑपरेशननंतर काही दिवसांनी तुम्ही तिला खाटेवरच न्हाऊ घातलंत तेही लिहायलाच हवं. डोक्याखाली मॅकिंटॉश, म्हणजे दवाखान्यातलं रबरी कापड, त्याच्या कडा गुंडाळून केलेला पन्हळ, खाली बादली, आणि गादीवर थेंब नाही. आधी पूर्ण विंचरून मगच पाणी, तेही सकाळी, म्हणजे रात्री निजेपर्यंत केस मुळापासून वाळतील. ओले केस बांधून निजू द्यायचं नाही, यावर तुम्ही अगदी ठाम होतात. नर्सिंगच्या पहिल्या वर्षात केसांची निगा शिकवतात म्हणे. पण एका पाळीत इतके पेशंट असताना त्यासाठी वेळ कुठून काढायचा? तुम्ही तो तुमच्या जेवणाच्या सुट्टीतून काढलात. मी पाहिलंय.

घरी आल्यापासून तुमचीच पद्धत चालू आहे. केसाच्या बाहेरच्या थरावर बारीक खवले असतात, कौलांसारखे एकावर एक, टोकाकडे तोंड करून. खरखरीत कापडावर रात्रभर डोकं घासलं की ते उचकटतात आणि एकमेकांत अडकतात. म्हणून आईच्या लग्नातल्या विरलेल्या रेशमी साडीचे मी अभ्रे शिवले. बाजारात साटीन म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा पॉलिस्टर असतं. गुळगुळीत असतं खरं, पण आईला त्यात घाम येतो, रेशमात येत नाही. ज्यांच्याकडे जुनी रेशमी साडी आहे त्यांनी नवं काही विकत घेऊ नये असं माझं मत आहे.

तेलाबद्दल मात्र मी तुमच्या एक पाऊल पुढे गेलेय, रागवू नका. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी झीज कमी करतं, यावर अभ्यास झालेत, त्यामुळे ते मी सोडलेलं नाही. पण आईला कोंडा होतो आणि रात्रभर टाळूवर तेल राहिलं की तो वाढतो. म्हणून आता तेल फक्त लांबीला आणि टोकांना, टाळूला न्हायच्या आधी तासभर.

माझी मुलगी दहावीला आहे. तिचेही केस आजीवर गेलेत. ती रात्री उंच, घट्ट पोनी बांधून निजायची आणि कपाळावरच्या बटा विरळ व्हायला लागल्या होत्या. रोजच्या ताणाने केस मुळातून सैल होतात आणि फार काळ चाललं तर तिथे परत येत नाहीत. आता आजी-नात संध्याकाळी एकमेकींच्या वेण्या घालतात, सैल. ती एका कुशीवर निजते, म्हणून तिची एकच वेणी, उशीच्या वरून मागे सोडलेली. हा फरकही तुम्हीच सांगितलेला: माणूस निजतं कसं ते आधी बघायचं, मग वेणी कुठे घालायची ते ठरवायचं.

पुढच्या महिन्यात एक्स-रेसाठी आईला घेऊन मिरजेला यायचंय. तिने तुमच्यासाठी त्याच साडीचे दोन अभ्रे बाजूला काढून ठेवलेत, काठ असलेले. तुमची पाळी कोणती आहे ते वॉर्डातल्या सिस्टरांना विचारूनच वेळ घेईन. आईला तुम्हाला उभं राहून दाखवायचंय.

तुमची,
खिडकीजवळच्या खाटेवरच्या आजींची लेक