थायरॉइडच्या फेरतपासणीवर सरसकट मर्यादा नको : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री,
सविनय नमस्कार.

तपासण्यांचा खर्च वाढला की त्यांच्या संख्येवर मर्यादा घालायचा विचार पुढे येतो, आणि थायरॉइडची तपासणी त्या यादीत हमखास असते. मी प्राथमिक आरोग्यसेवेत काम करणारी डॉक्टर आहे. काहींचं रक्त विनाकारण पुन्हापुन्हा काढलं जातं, हे मला मान्य आहे. पण ज्यांची तपासणी वेळेवर व्हायला हवी त्यांची राहून जाते, आणि सरसकट मर्यादेचा फटका आधी त्यांनाच बसेल. नियम करायचाच तर तपासणीच्या वेळेचा आणि कारणाचा करा.

लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइड कमी काम करत असेल तर दिली जाणारी हॉर्मोनची गोळी, शरीरातून निम्मं कमी व्हायलाच साधारण 7 दिवस लागतात. त्यामुळे डोस बदलल्यावर रक्तातली पातळी स्थिरावून टीएसएच (मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीचं, थायरॉइडला काम करायला लावणारं हॉर्मोन; थायरॉइडचं हॉर्मोन कमी पडलं की ते वाढतं) नव्या जागी येईपर्यंत 6 ते 8 आठवडे जातात. त्याआधीचा रिपोर्ट अर्धवट असतो. तिसऱ्या आठवड्यात टीएसएच अजून जास्तच दिसतं म्हणून डोस वाढवला, की पुढे ते प्रमाणाबाहेर खाली जातं. मग डोस कमी करा, पुन्हा रक्त काढा. वयस्कर रुग्णात जादा डोस लांबला तर हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि हाडं ठिसूळ होण्याचा धोका वाढतो.

याउलट, एक फेरतपासणी अशी आहे की ती टाळली तर नुकसान होतं. टीएसएच थोडंसं वाढलेलं, फ्री टी-फोर (रक्तातलं थायरॉइडचं मुख्य हॉर्मोन) नॉर्मल, रुग्णाला फारसा त्रास नाही. अशा वेळी बहुतेकांना लगेच गोळी सुरू न करता दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पाहायचं असतं, कारण अनेकांचं टीएसएच आपोआप पूर्वपदावर येतं. मोठ्या आजारातून उठताना ते तात्पुरतं वाढू शकतं. पहाटे जास्त, दुपारी कमी असा त्याचा रोजचा चढउतारही असतो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत काही यंत्रं टीएसएच खोटं कमी आणि टी-फोर खोटं जास्त दाखवतात. ग्रंथी मात्र ठणठणीत असते. ही दुसरी तपासणी नाकारली, तर एका रिपोर्टवर जन्मभराची गोळी मागे लागते.

गर्भवतींबद्दल मला सर्वात जास्त काळजी वाटते. आधीपासून गोळी घेणाऱ्या बहुतेक स्त्रियांना पहिल्या काही आठवड्यांतच जास्त डोस लागतो, आणि सुरुवातीचे महिने बाळ आईच्याच हॉर्मोनवर अवलंबून असतं. गर्भारपणाच्या मध्यापर्यंत दर 4 आठवड्यांनी टीएसएच पाहायला हवं. 'वर्षातून एकदा' हा नियम डोस स्थिर असलेल्या रुग्णाला पुरतो, पण गर्भवतीला तो लावणं अन्यायाचं होईल.

बचत हवीच असेल तर ती दुसरीकडे आहे. हायपोथायरॉइडच्या (थायरॉइड कमी काम करणाऱ्या) रुग्णाची दर खेपेला टी-थ्री, म्हणजे थायरॉइडच्या दुसऱ्या हॉर्मोनची तपासणी, कशाला? अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी) एकदा पॉझिटिव्ह आल्यावर पुन्हा करून उपचार बदलत नाहीत. आधी टीएसएच करावं आणि ते बिघडलेलं असेल तरच त्याच नमुन्यातून फ्री टी-फोर, एवढी सोय प्रयोगशाळेत झाली तरी पूर्ण प्रोफाइलची (थायरॉइडच्या सगळ्या तपासण्या एकदम करण्याची) गरज बरीच कमी होईल. मात्र पिट्यूटरीचा आजार असलेल्यांत टीएसएचवर विसंबता येत नाही. हायपरथायरॉइडच्या (थायरॉइड जास्त काम करण्याच्या) उपचारातही ते काही महिने दबलेलंच राहू शकतं. अशा रुग्णांसाठी टी-फोर, टी-थ्री थेट मागण्याची मुभा हवी.

तपासणीच्या चिठ्ठीवर डोस शेवटचा कधी बदलला आणि आता तपासणी कशासाठी, हे दोन रकाने सक्तीचे करा. रिपोर्टवर मागचा आकडा आणि पुढच्या तपासणीची तारीख छापली जावी. तारीख उलटून गेलेल्यांना केंद्रातून निरोप जावा. आणि आम्हाला रुग्णाशी बोलायला वेळ मिळेल इतकं मनुष्यबळ द्या. गोळी रिकाम्या पोटी घेता का, लोह किंवा कॅल्शियमच्या गोळीपासून 4 तासांचं अंतर ठेवता का, एवढं विचारलं की कित्येकदा न सुधारणाऱ्या रिपोर्टचं कारण तिथेच सापडतं.

मर्यादेचा मसुदा तयार होत असेल, तर गर्भवती, नुकताच डोस बदललेले आणि पहिल्या रिपोर्टनंतर फेरतपासणीसाठी थांबलेले रुग्ण त्यातून स्पष्ट शब्दांत वगळावेत, ही विनंती.

आपली,
प्राथमिक आरोग्यसेवेतील एक डॉक्टर