तक्रार पत्र: सल्ल्याची फी घेऊनही कमिशन घेतल्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
पणजी कार्यालय

महोदय,

मी फोंड्याची निवृत्त शिक्षिका. निवृत्तीची रक्कम कुठे गुंतवावी यासाठी आपल्या नोंदणीकृत सल्लागार कंपनीशी करार केला आणि ठरलेली फी वेळच्या वेळी भरत आले. नुकतेच म्युच्युअल फंडांचे सहामाही खातेविवरण आले. त्यात वितरकाला, म्हणजे योजना विकणाऱ्या मध्यस्थाला, दिलेल्या कमिशनचा आकडा छापलेला असतो. माझ्या सगळ्या योजना ‘रेग्युलर प्लॅन’मधल्या, म्हणजे वितरकामार्फत घेतलेल्या, निघाल्या, आणि वितरक म्हणून जिचे नाव आहे ती आपल्याच समूहातली कंपनी. हे कमिशन शेवटी माझ्याच पैशांतून जाते, कारण वितरकाशिवाय थेट घेतलेल्या ‘डायरेक्ट प्लॅन’पेक्षा रेग्युलर प्लॅनचा खर्च जास्त असतो. कराराच्या वेळी याबद्दल मला चकार शब्दाने सांगितले गेले नाही.

फोनवर विचारले तर उत्तर मिळाले, “मॅडम, फंड वाढलाय, तुमचे नुकसान कुठे झाले?” हे उत्तर मला जास्त लागले. आमच्या देवस्थानच्या खजिनदाराने देवाचा पैसा कुठेतरी ठेवण्यासाठी गुपचूप दलाली घेतली, तर व्याज नीट आले म्हणून महाजन, म्हणजे देवस्थानचे सभासद, गप्प बसतील का? विश्वासाने सोपवलेल्या पैशात धन्याचे किती बुडाले एवढेच बघायचे नसते, सांभाळणाऱ्याने त्या जागेचा फायदा घेऊन स्वतः काय कमावले तेही बघायचे असते. भारतीय न्यास अधिनियम, 1882 चे कलम 88 हेच सांगते: असा लाभ ज्याच्यासाठी काम केले त्याचा.

शेअर बाजार आणि म्युच्युअल फंडांची नियामक संस्था सेबी हिचे 2013 चे गुंतवणूक सल्लागार विनियम तर थेट आपल्यालाच लागू आहेत. सल्लागाराने ग्राहकाशी विश्वस्ताच्या नात्याने वागायचे, स्वतःचे हितसंबंध उघड करायचे, आणि सुचवलेल्या गुंतवणुकीसाठी ग्राहकाखेरीज कोणाकडूनही मोबदला घ्यायचा नाही. 2020 च्या दुरुस्तीने एकाच ग्राहकाला समूहातल्या एका कंपनीने सल्ला द्यायचा आणि दुसरीने वितरण करायचे, हा मार्गही बंद केला. हे आपल्याला ठाऊक नसेल असे मी मानत नाही.

तेव्हा करारापासून आजवर माझ्या गुंतवणुकीवर मिळालेल्या कमिशनचा योजनावार हिशेब लेखी द्यावा आणि ती रक्कम मला परत करावी. डायरेक्ट प्लॅनमध्ये जाताना एक्झिट लोड (योजनेतून बाहेर पडतानाचे शुल्क) किंवा भांडवली नफ्यावरील कर लागला, तर तो भार कंपनीने सोसावा. 21 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी सेबीच्या ‘स्कोअर्स’ या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवीन. कराराची प्रत, फीच्या पावत्या आणि खातेविवरण सोबत जोडले आहे.

आपली ग्राहक,
(सही)
फोंडा, गोवा